अट क्रमांक नऊ

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
सौंदर्य स्पर्धा संयोजन समिती

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या स्पर्धेची यंदाची विजेती आणि सीए फायनलची विद्यार्थिनी. परवा आयकराच्या नोट्स स्पायरल करून घ्यायला बाजारपेठेत गेले होते. झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर आपल्या पुढच्या स्पर्धेचे कोरे अर्ज गठ्ठ्याने ठेवलेले दिसले. सवयीने पान उलटलं आणि मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या. (बारीक अक्षर सहीच्या आधी वाचायचं असतं, हे मी गेल्या डिसेंबरात सहीच्या नंतर शिकले.) पहिल्या आठ अटी जुन्याच आहेत: वय, उंची, अविवाहित, जिल्ह्यातला रहिवास वगैरे. नववी नवीन आहे. ‘विजेतेपदाच्या वर्षात विद्यापीठाच्या, व्यावसायिक अथवा स्पर्धा परीक्षेस बसणार असलेल्या मुलींचे अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.’

झेरॉक्सवाला स्पायरल ओवता ओवता म्हणाला, “ही तुझ्याच नावाने काढलेली दिसते.”

मलाही तसंच वाटतं. नुसता माझाच प्रश्न असता तर मी गप्प बसले असते. मार्चअखेरीस आपली नोटीस आली की ‘सामाजिक बांधिलकी न पाळल्याबद्दल’ किताब काढून का घेऊ नये, याचा आठ दिवसांत खुलासा करा. तो खुलासा मी स्पीड पोस्टाने पाठवला. त्याआधीची दोन पत्रंही पाठवली होती. पोच एकाचीही नाही. ते सगळं माझं आणि समितीचं आपसात राहिलं असतं. पण नववी अट ज्या मुलींना लागणार आहे, त्यांना ती का आली हे माहीत नाही. त्यांना कळावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी देवगड तालुक्यातली. बाबा एसटीत कंडक्टर आहेत, आई गावातल्या बचत गटाची सचिव. सीए इंटर झाल्यावर जिल्ह्यातल्याच एका सरांकडे दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे हाताखाली उमेदवारी, केली. ती ऑक्टोबरात संपली. नव्या पद्धतीत आर्टिकलशिपनंतर सहा महिने अभ्यासाला सोडलेले असतात, मग फायनल, माझी मे महिन्यात. दोन गट, सहा पेपर. प्रत्येक पेपरात किमान ४० मार्क लागतात आणि गटाची बेरीज निदान ५० टक्के व्हावी लागते. पाच विषयांत उत्तम आणि एकात ३९ पडले, तर तो गट गेला. हे सविस्तर लिहिते, कारण समितीच्या बैठकीत ‘पास व्हायला चाळीसच तर लागतात’ असं एक सदस्य म्हणाले होते. आणि सहावा पेपर पुस्तक उघडं ठेवून लिहायचा असतो हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “मग अभ्यास कसला करतेस?” काका, समोर समुद्र आहे म्हणून कोणाला पोहता येत नाही.

स्पर्धेत मी स्वखुशीने उतरले. अर्ज मैत्रिणीने आणला हे खरं, पण भरला मी. बक्षिसाच्या रकमेतून क्लासची आणि परीक्षेची फी निघेल हा हिशेब डोक्यात होता. आणि खरं सांगायचं तर मला रॅम्पवर चालायला आवडलं. नऊवारीच्या फेरीला गावच्या बायकांनी मारलेली शिटी अजून कानात आहे. त्यामुळे ‘मुलीला जबरदस्तीने उभं केलं’ अशी दया कोणी करू नये. सामाजिक कार्यक्रमांना जावं लागेल हेही माहीत होतं. अर्जात ओळ होती: ‘समितीच्या सूचनेनुसार वर्षभर सामाजिक उपक्रमांना उपस्थित राहणे.’ किती उपक्रम, कुठे, किती दिवस आधी सांगणार, खर्च कोणाचा, काही नाही. दोन वर्षं लोकांच्या करारांत अशा ओळींपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढणारी मी, स्वतःच्या कागदावर डोळे मिटून सही करून बसले. ही चूक माझी, ती मी आपल्या खात्यावर टाकत नाही.

मुकुट चढला त्या रात्री आजी म्हणाली, “रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.” दशावतारातल्या नटांबद्दल आपल्याकडे हे म्हणतात. रात्रभर राजाचं सोंग आणि उजाडल्यावर सामानाचा पेटारा डोक्यावर. आजीने थट्टेने म्हटलं होतं. मला ते चार महिने पुरलं. फरक एवढाच, की दशावतारी कंपनीचा मालक नटाला नाईट, म्हणजे रात्रीचे पैसे, देतो आणि कुठल्या गावची जत्रा कधी हे आधीच ठरलेलं असतं.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. मी वही ठेवते, धंद्याची सवय. डिसेंबरअखेर ते मार्चअखेर मी २३ कार्यक्रमांना गेले. त्यांतल्या १७ कार्यक्रमांचा निरोप आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर आला, तोही ‘उद्या १० वाजता, साडी, क्राउन, सॅश मस्ट’ असा. खारेपाटणपासून बांद्यापर्यंत कुठेही. एकूण १३१ तास गेले. त्यांतले प्रवासात ४६, पाहुण्यांची वाट बघण्यात ६६ आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात १९. पुन्हा वाचा, १९. मी सहासष्ट तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सत्काराचे नारळ मोजलेत. एकदा पर्समध्ये ऑडिटची छोटी नोट्सची वही नेली आणि मंडपात मागे बसून वाचत होते, तर माइकवरून “आमची ब्युटी क्वीन पुस्तकातला किडा आहे हो!” झालं. लोक हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी माझा वाचतानाचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, खाली ‘हिला इथे पण अभ्यास’. तो काढावा म्हणून मी दोनदा लिहिलं. अजून आहे.

दुसरी खर्चाची, ती पटकन संपवते. मानधन मी कधी मागितलं नाही, आजही मागत नाही. पण गाडीभाडं? साडीची इस्त्री? निदान पाणी? राज्य सरकारने १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलं म्हणून मी तरले. बाबांच्याच गाडीत मांडीवर मुकुटाचा डबा घेऊन बसलेय आणि त्यांनी मला अर्धं तिकीट फाडून दिलंय. ड्युटीवर ते मुलीलाही फुकट नेत नाहीत. बक्षिसाचा चेक स्टेजवर माझ्याएवढा उंच होता. खरा चेक दहा आठवड्यांनी आला, चार फोननंतर. असो, आला.

तिसरी तक्रार लिहायला मला जड जातं, कारण तिच्यात मीही आहे.

फेब्रुवारीत एका माध्यमिक शाळेत आपण सॅनिटरी पॅडचं वाटप ठेवलं होतं. आठवी-नववीच्या मुली. त्यांना मैदानात रांगेत उभं केलं. समोर स्टेज, बाजूला मुलगे, मागे गावातली माणसं. एकेकीचं नाव पुकारायचं, तिने वर यायचं, माझ्या हातून पाकीट घ्यायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. पाचवी की सहावी मुलगी आली. तिने पाकीट घेतलं आणि पटकन पाठीमागे लपवलं. फोटोग्राफर ओरडला, “बाळा, पॅकेट वर, छातीशी धर, मॅडमकडे बघ.” तिने वर धरलं. पाकिटाची कड धरलेली तिची बोटं मला आठवतात, नखांना मेंदीचा जुना रंग होता. मी तिच्याकडे बघून हसले, कारण मला हसायला सांगितलं होतं. पुढच्या चाळीस जणींकडेही हसले. पाकिटं शाळेतल्या बाईंच्या कपाटात ठेवता आली असती. मुलींनी लागेल तशी नेली असती. हे मला तिथेच सुचलं होतं. मी बोलले नाही.

तो फोटो आपल्या पेजवर आहे. मुलींचे चेहरे स्पष्ट दिसतात. त्या मुली त्याच गावात राहतात आणि त्याच मुलांबरोबर वर्गात बसतात. त्यांच्या आईवडलांना कोणी विचारलं होतं का? मी शाळेत जाऊन त्या मुलींची माफी मागणार आहे. फोटो काढून टाकणं आपल्या हातात आहे.

चौथी, कशाला समाजकार्य म्हणायचं याची. २३ पैकी ९ ठिकाणी मी फीत कापली. त्यांत सोन्याचं दुकान आहे, दोन रिसॉर्ट आहेत, एक मोबाइलचं शोरूम आहे, आणि एका सदस्यांच्या मेहुण्यांचं मसाल्यांचं आउटलेट. दुकान उघडण्यात वाईट काही नाही. मसाला उत्तम आहे, आम्ही घरी तोच वापरतो. पण आपल्या वार्षिक अहवालात हे नऊच्या नऊ कार्यक्रम ‘सामाजिक उपक्रम’ या मथळ्याखाली आलेत. आम्हाला ऑडिटमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवतात, की कागदावर व्यवहाराला काय नाव दिलंय ते बाजूला ठेवा आणि व्यवहार खरा काय आहे ते बघा. सोन्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला मला नेलं, तर ती जाहिरात झाली. जाहिरातीचे दुकानदाराने कोणाला काही दिले असतील तर दिले असतील, नसतील तर नसतील. मी आरोप करत नाही, मला माहीतच नाही. माहीत नाही हीच तक्रार आहे.

स्पर्धेच्या प्रवेशिकांवर ‘जमा निधी समाजकार्यासाठी’ असं छापलं होतं. देणगीच्या पावतीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक आहे. म्हणजे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली हिशेब ठेवणं ओघाने आलंच. तो हिशेब वाचता येईल अशा भाषेत एका पानावर आला, तर लोक दुप्पट देणगी देतील. जाता जाता एक फुकटचा सल्ला: दोन हजारांच्या वरची देणगी रोख घेतली तर देणाऱ्याला आयकरात देणगीची सवलत मिळत नाही. आपली स्पर्धा भरते त्या महोत्सवाच्या मांडवात पाच-पाच हजारांची रोकड मोजून घेताना मी पाहिलंय. ज्यांनी दिल्या त्यांना बहुतेक कोणी हे सांगितलं नसेल.

एवढ्यावर तुम्ही म्हणाल, हिला समाजकार्यच नको आहे. नोटिशीत तेच लिहिलंय. म्हणून एका दिवसाचं सांगते. तो आपल्या अहवालात नाही.

जानेवारीतला शनिवार, खाडीकाठचं एक गाव. रक्तदान शिबिराचं उद्घाटन होतं, प्रमुख पाहुणे घाटात अडकले होते. (शिबिरात मी रक्त देणार होते. हिमोग्लोबिन ११.८ निघालं, साडेबारा लागतं, मला परत पाठवलं. ‘रक्तदान करा’ म्हणून माझाच फोटो छापलेला बॅनर मागे फडफडत होता.) तीन तास काढायचे होते. मंडपाच्या मागे शाळेच्या वऱ्हांड्यात बचत गटाच्या बायका बसल्या होत्या. त्यांचं आपसात काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. एक काकी बाजूला खांबाला टेकून गप्प. दुसरीने मला हाक मारली, “गो बाय, तू हिशोबाचा शिकतंस मगे? ह्या जरा बघ. दोनशे सत्तर रुपये खय गेले ता काय गावना नाय.”

गटाची रोखवही आणि पासबुक जुळत नव्हतं. फरक २७० रुपयांचा, दोन महिने चाललेला. खांबाला टेकलेल्या काकी म्हणजे खजिनदार. कोणी तोंडावर चोर म्हटलं नव्हतं, पण त्यांच्याकडची पेटी काढून घेतली होती.

२७० हा आकडा ऐकल्यावर मला जरा बरं वाटलं. कारण त्याला नऊने भाग जातो. फरक नऊच्या पटीत असला, की बहुतेक वेळा कोणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिलेले असतात. ही युक्ती आमच्या ऑफिसातल्या जुन्या अकाउंटंट मामांनी शिकवलेली, पुस्तकात शोधत बसू नका. मी मुकुट काढून शेजारी ठेवला, सॅश कमरेला गुंडाळली आणि वही मांडीवर घेतली. तीस पानं मागे, पावसाळ्यातल्या एका भरण्याला पासबुकात १,४७० होते आणि वहीत १,७४०. ओळीतला चार आणि सात, एवढाच घोटाळा. फरक बरोबर २७०. त्या दिवशी वही लिहिली होती एका तिसऱ्याच बाईने, कारण खजिनदार काकी सुनेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या दोन मिनिटं गप्प बसल्या. मग पेटी काढून घेणाऱ्या बाईनेच ती उचलून काकींच्या पुढ्यात ठेवली. काकी म्हणाल्या, “दोन म्हयने माका झोप नाय गो.” तेवढ्यात पाहुणे आले म्हणून मला बोलावणं आलं, मी मुकुट चढवला आणि उद्घाटनाला गेले.

त्या दिवसाचा फोटो नाही. फोटोग्राफर पुढे होता.

त्या बायकांनी त्यानंतर तीनदा निरोप पाठवला, पुन्हा ये, व्याजाचंही शिकव. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि नोंदी अशी पाच सूत्रं आहेत. पहिली चार गावोगाव बायकांनी तोंडपाठ केलीत. पाचव्यापाशी सगळ्या अडखळतात, माझी आईसुद्धा. मी समितीला लिहून दिलं, की महिन्यातून एक शनिवार मला एका गटाबरोबर बसू द्या, पाच-सहा तास, मुकुट वगैरे काही नको, मी त्यांना वही लिहायला शिकवते. उत्तर तोंडी मिळालं: “त्यात व्हिज्युअल काय आहे?”

मिस वर्ल्ड स्पर्धेत ‘ब्युटी विथ अ पर्पज’ नावाचा भाग आहे. तिथे स्पर्धक स्वतःचं एक काम निवडते आणि ते घेऊन उभी राहते. आपण त्या स्पर्धेचा रॅम्प घेतला, प्रश्नोत्तरांची फेरी घेतली, रडत रडत मुकुट घालायची पद्धतसुद्धा घेतली. हे तेवढं राहिलं.

आता नववी अट.

रीटा फारिया यांचं नाव आपल्या अध्यक्षांनी उद्घाटनाच्या भाषणात घेतलं होतं, ‘आपल्या शेजारच्या गोव्याची लेक’ म्हणून. १९६६ साली लंडनला त्या मिस वर्ल्ड झाल्या, आशियातून पहिल्या. तेव्हा त्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. किताबाचं वर्ष संपवून त्यांनी सिनेमा-मॉडेलिंगकडे पाठ फिरवली आणि डॉक्टर झाल्या. २०१७ची मिस वर्ल्ड मानुषी छिल्लर मेडिकलची विद्यार्थिनी होती. २०१९ची मिस इंग्लंड भाषा मुखर्जी तर डॉक्टरच होती. मार्च २०२० मध्ये ती धर्मादाय कामासाठी भारतात आली होती, कोरोना वाढला तशी परत जाऊन रुग्णालयात कामावर रुजू झाली. तिचा मुकुट कोणी काढून घेतला नाही. आपली नववी अट लावली, तर रीटा फारियांचा अर्ज झेरॉक्सच्या दुकानातूनच परत गेला असता.

इतक्या लांब जायला नको. मला काढून ज्या उपविजेतीला किताब द्यायचं घाटतं आहे, ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची परीक्षा माझ्यानंतर लगेच आहे. तिसरी आली ती एलएलबी करते. आपल्या जिल्ह्यात अठरा ते पंचवीस वयाची, काही शिकत नसलेली, कुठलीच परीक्षा न देणारी, तरीही स्टेजवर प्रश्नाला उत्तर देणारी मुलगी शोधायची म्हणजे कठीण काम आहे. दहावी-बारावीच्या निकालात कोकण बोर्ड पहिलं आलं की आपणच फ्लेक्स लावता. त्या फ्लेक्सवरच्या मुलींना आता तुम्ही सांगणार, की एक काहीतरी निवडा.

“परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, सप्टेंबरला दे,” असंही मला समजावण्यात आलं. खरं आहे, २०२५ पासून फायनल जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते. पण सप्टेंबरात गणपती. तेव्हा मंडळांच्या आरत्यांना विजेती कोण पाठवणार, मला सोडाल? जानेवारीला म्हणाल, थांब, नव्या विजेतीला मुकुट घालून मग जा. दर अटेम्प्टला लागू असलेल्या कायद्यातल्या दुरुस्त्या बदलतात. आयकराचा तर १९६१चा कायदाच जाऊन २०२५चा नवा आला. ज्या कलमांचे आकडे मी दोन वर्षं घोकले, ते आज ना उद्या पुसून नवे घोकायचे आहेत. तेवढ्यात बाबांची निवृत्ती जवळ येते. मे महिना मला हवा आहे.

सध्या आमच्या घरी पडवीत आंब्याच्या पेट्या भरणं चालू आहे. सहा कलमं आहेत, फार नाहीत. आई आणि काका गवत पसरून पाच डझनांची पेटी लावतात, मी ओटीवर बसून कन्सॉलिडेशनची गणितं सोडवते. मध्येच कोणीतरी विचारतं, “गो, पेटीमागे किती सुटले?” तेवढं मी करते. मदत म्हणून एवढीच मागतात आणि अभ्यासाच्या वेळात आवाजही करत नाहीत. आमच्या घरातल्या न शिकलेल्या माणसांना जे कळतं ते समितीलाही कळेल, या आशेवर खालच्या मागण्या लिहिते.

अर्जांची शेवटची तारीख उलटण्याआधी नववी अट काढा, आणि ज्या मुलींनी ती वाचून अर्ज ठेवून दिला असेल त्यांच्यासाठी मुदत पंधरा दिवस वाढवा. ही मागणी सर्वांत आधी. बाकी काही मान्य झालं नाही तरी हे व्हावं.

माझा शेवटचा पेपर होईपर्यंत मला कोणत्याही कार्यक्रमाला बोलावू नका. त्यानंतर डिसेंबरपर्यंत मी महिन्याला दोन कार्यक्रम करीन, निरोप लेखी आणि निदान सात दिवस आधी मिळावा. पुढच्या विजेतीच्या करारात हा आकडा आणि हे दिवस छापा, गाडीभाड्यासकट. विजेती दोन तास थांबली आणि पाहुणे आले नाहीत, तर ती निघून जाईल, हेही छापायला हरकत नाही.

शाळेतल्या त्या मुलींचा फोटो आजच्या आज काढा. यापुढे वस्तू घेणाऱ्यांचे चेहरे दाखवू नका, लहान मुलांचे तर नाहीच. ग्रुपवरचा माझा फोटो राहिला तरी चालेल, आता मला त्याचं काही वाटत नाही.

दुकानांची उद्घाटनं अहवालात वेगळ्या मथळ्याखाली टाका. स्पर्धेचा जमाखर्च एका पानावर लिहून महोत्सवाच्या कार्यालयाबाहेर लावा. लिहायला माणूस नसेल तर परीक्षेनंतर मी लिहून देईन, तपासायला मात्र दुसरं कोणी शोधा. स्वतः लिहिलेला हिशेब स्वतः तपासता येत नाही.

आणि महिन्यातला एक शनिवार मला बचत गटांसाठी द्या. दोन कार्यक्रमांतला एक धरा हवं तर. व्हिज्युअल पाहिजेच असेल तर वहीचा फोटो काढा, बायकांची परवानगी घेऊन.

यातलं काहीच जमणार नसेल आणि मुकुट परत हवा असेल, तर भांडण नाही. तो माजघरातल्या लाकडी कपाटात, वरच्या फळीवर, डब्यात आहे. डावीकडचे दोन खडे निखळलेत. एक मी फेविक्विकने चिकटवलाय, दुसरा वेंगुर्ल्याच्या कार्यक्रमात हरवला, त्याची नोंद माझ्या वहीत तारखेसह आहे. सॅश धुऊन इस्त्री करून ठेवली आहे. नेणाऱ्याने पोचपावतीचं पुस्तक सोबत आणावं, वस्तू कोणत्या स्थितीत मिळाली ते लिहून खाली सही करावी. घरी आई असते. दुपारी दोन ते पाच या वेळात येऊ नये. परीक्षेची तीच वेळ असल्यामुळे रोज तेव्हा मी घड्याळ लावून पेपर सोडवत असते.

आपली,
यंदाची विजेती
(सीए फायनल, दोन्ही गट)